प्रेस बंद असताना

माझी बहीण आयेशा हुशार आहे, हे मी ती पहिलीत गेल्यापासून ऐकत आलोय, आणि तेव्हापासून मला त्याचा थोडा राग आहे. कौतुकही आहे, पण राग आधी. नातेवाइकांकडे गेलो की आधी तिची चौकशी, मग चहा, मग जमलं तर माझी. मी परवेझ शिकलगार. नगरच्या एमआयडीसीत, म्हणजे नागापूरला, माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि माझं तोंड, एवढ्यांचा मिळून आमचा आवाज.

आयेशानं मशीन लर्निंगमध्ये पीएचडी केली. ते काय असतं हे अम्मीनं एकदाच विचारलं. आयेशा म्हणाली, "मशीनला शिकवायचं." मग अम्मी सगळीकडे सांगत सुटली की आमची आयेशा मशीनला शिकवते. निम्म्या नातेवाइकांना ती आयटीआयमध्ये मास्तरीण आहे असं वाटायचं, आणि मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

पीएचडीनंतर ती बंगळूरला एका मोठ्या कंपनीत गेली. माणूस मोबाईल बघत असताना त्याला पुढची जाहिरात कोणती दाखवली तर तो बोट दाबेल, हे तिचं मॉडेल ठरवायचं. पाच वर्षं तिनं ते केलं. पगार असा होता की मी विचारायचं सोडून दिलं. मग एका रमजान ईदला ती घरी आली, शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "भाई, माझ्या ऑफिसात एवढी हुशार माणसं आहेत, आणि आम्ही सगळे मिळून लोकांचं बोट हलवतोय." पुढच्या दोन महिन्यांत नोकरी सोडून ती नगरला परत आली आणि इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागली.

कॉलेजात तिला संशोधन करायचं होतं. तिथे तिला मिळाले तास, पेपर तपासणं, परीक्षेला सुपरव्हिजन आणि कुठल्याशा समितीसाठी फायली. संध्याकाळी घरी यायची ती गळपटून. बंगळूरची कंपनी मात्र तिला विसरली नव्हती. दर काही महिन्यांनी फोन यायचा, परत या, वरच्या जागेवर या. तिची निळी बॅग अम्मीच्या खोलीत कपाटावर होती. येऊन दोन वर्षं झाली तरी ती पूर्ण रिकामी केलेली नव्हती. अम्मी झाडू मारताना त्या बॅगेकडे बघायची आणि काही बोलायची नाही. आमच्या अम्मीचं न बोलणं म्हणजे काय, ते आमच्या मोहल्ल्यात कुणालाही विचारा.

त्यात माझ्या एका लेथचं बेअरिंग गेलं. ऐन ऑर्डरच्या वेळी स्पिंडल जाम झाला आणि पार्टीनं काम दुसऱ्याला दिलं. मी घरी येऊन बोंबलत होतो, तर ही जेवता जेवता म्हणाली, "आधी कळत नाही का?"

"कळलं असतं तर आत्ता ओरडलो असतो का?"

"चिडू नकोस. खरंच विचारतेय. बेअरिंग खराब व्हायला लागलं की आवाज बदलत असणार ना? आपल्या कानाला कळायच्या आधी मशीनला कळू शकेल."

तिथून सुरुवात झाली. मी तिला एक स्टँड बनवून दिला. त्यावर मोटर, मोटरच्या शाफ्टवर बेअरिंग, शेजारी माईक. चांगलं बेअरिंग बसवायचं, आवाज रेकॉर्ड करायचा. खराब बसवायचं, रेकॉर्ड करायचा. असे शेकडो आवाज मॉडेलला ऐकवायचे, प्रत्येक वेळी सांगायचं की हे ठीक, हे खराब, आणि फरक त्यालाच शोधू द्यायचा. स्टँड ठेवला माझ्या तपासणीच्या टेबलाच्या कडेला, कारण शेडमध्ये दुसरीकडे जागाच नव्हती. फक्त एक अडचण झाली. खराब बेअरिंग फिरायला लागलं की टेबल थरथरायचं, आणि त्याच टेबलावर आम्ही जॉबचं, म्हणजे तयार भागाचं, माप घेतो. मी हुकूम सोडला: चांगली बेअरिंगं कधीही फिरव, सडकी मात्र शुक्रवारी दुपारी, आम्ही जुम्म्याच्या नमाजला जातो तेव्हा. त्या वेळी शेड बंद असते, तुला हवा तेवढा धिंगाणा घाल.

कॉलेजला तिला शुक्रवारी दुपारी तास नव्हता. ती आपली डबा घेऊन यायची आणि आम्ही गेल्यावर कानाला हेडफोन लावून बसायची.

पाच-सहा महिन्यांत मॉडेल तयार झालं. बेअरिंग फिरवलं की लॅपटॉपवर हिरवं 'ठीक' नाहीतर लाल 'खराब'. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर. आयेशा कधी स्वतःची फुशारकी मारत नाही, पण त्या दिवशी तिनं मला स्वतःहून मिसळ खाऊ घातली. तिनं पुण्याच्या एका कंपनीला मेल केला. कारखान्यांच्या मशीनींवर लक्ष ठेवणारी यंत्रणा पुरवण्याचं त्यांचं काम. उत्तर आलं, आम्ही येऊन बघतो. पसंत पडलं तर तुमच्या कॉलेजात आमची छोटी लॅब काढू. तुमचे तास निम्मे होतील आणि विद्यार्थ्यांना पगार आम्ही देऊ.

बंगळूरला महिनाअखेर हो किंवा नाही कळवायचं होतं. लॅब झाली तर ती नगरला राहणार होती. नाही झाली तर कपाटावरची बॅग खाली येणार होती. हे तिनं मला तोंडानं सांगितलं. अम्मीला सांगायची गरज पडली नाही.

पुण्याची माणसं शुक्रवारी यायची होती. आदल्या मंगळवारी अम्मी म्हणाली, तुझं ते मशीन मलाही दाखव. मी तिला रिक्षानं वर्कशॉपवर आणलं, खुर्ची पुसून दिली. आयेशानं खोक्यातून कोरं बेअरिंग काढलं, बसवलं, मोटर चालू केली. लॅपटॉपवर लाल अक्षरं आली. खराब.

तिनं दुसरं कोरं बसवलं. खराब. तिसरं. तेही खराब.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बेअरिंगं मी आणली होती. मी तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला आणि डुप्लिकेट माल विकतो म्हणून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तो बिचारा शपथा घेत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून सुरू झालं धाड, धाड, धाड. शेजारी सहादेव पठारेचा पॉवर प्रेस आहे. पारनेरकडचा गडी. दिवसभर वॉशर ठोकतो. तो आवाज आमच्या इतका अंगवळणी पडलाय की आम्हाला तो ऐकूच येत नाही. सकाळी त्याची मोटर जळाली होती, ती आत्ता बसवून झाली.

आणि लॅपटॉपवर तेच बेअरिंग, त्याच मोटरवर, कुणी हात न लावता हिरवं झालं. ठीक.

"बघ!" मी फोन कापून म्हणालो. "सुधारलं."

आयेशा भिंतीकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं, "भाई, जुम्म्याला सहादेवभाऊंचा प्रेस चालू असतो?"

"कसा असेल? प्रेस चालवतो त्याचा कामगार आकिब. तो माझ्याच गाडीवर बसून मशिदीत येतो."

ती खाली स्टुलावर बसली. तिनं हळूहळू, अम्मीलाही कळेल असं सांगितलं. खराब बेअरिंगचे सगळे आवाज जुम्म्याच्या वेळी भरलेले. त्या वेळी प्रेस बंद. चांगल्या बेअरिंगचे सगळे इतर वेळी भरलेले. तेव्हा प्रेस चालू. मॉडेलला आपण म्हणालो, यातला फरक शोध. त्यानं सगळ्यात सोपा फरक शोधला. धाड धाड आली की ठीक. नाही आली की खराब. बेअरिंग त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"आणि मी पण नाही," ती म्हणाली. "मी अठ्ठ्याण्णव बघितले आणि थांबले. दुसऱ्या कुणाचा पेपर असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता, की हे रेकॉर्डिंग कधी केलं, कुठे केलं."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, हसली, आणि ते जास्त वाईट होतं. अम्मी उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मला कळत नव्हतं रागवायचं कुणावर. हुकूम माझा होता, प्रेस सहादेवचा होता, आणि नमाजच्या वेळेला तर कोण बोलणार?

संध्याकाळी मी सहादेवला गाठलं. त्याला सगळं सांगितलं तर आधी तो खूष झाला. "म्हंजी ताईंचं मशीन माझाच प्रेस ऐकत हुतं? आयला, लई भारी!" मग माझं तोंड बघून गप्प झाला. आम्ही दोघांनी मिळून जी युक्ती काढली, ती मला त्या वेळी फारच उत्तम वाटली होती. माणसं येणार सकाळी अकराला. आयेशा चांगलं बेअरिंग लावेल तेव्हा प्रेस चालू. खराब लावेल तेव्हा मी खिडकीत उभं राहून मानेवरचा रुमाल झटकायचा, की सहादेव प्रेस बंद करणार. लाल पाहिजे तेव्हा लाल, हिरवं पाहिजे तेव्हा हिरवं. लॅब तर होऊ दे, मग बसून दुरुस्त करता येईल सावकाश.

बुधवारी आम्ही तालीमच करत होतो. मी रुमाल झटकला, पलीकडे शांतता. पुन्हा झटकला, धाड धाड. तिसऱ्यांदा झटकला आणि मागे वळलो तर आयेशा दारात.

सहादेव खिडकीतून म्हणाला, "ताई, तुमी काय बी काळजी करू नका. आमी हाय ना. एक बी चूक हुनार न्हाई."

"भाऊ, तुमचा जीव आहे माझ्यावर, ते कळलं मला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू? रुमाल झटकून मला नगरला ठेवणार?"

"ठेवणार," मी म्हणालो. मला लाज वाटत होती आणि रागही आला होता, म्हणून आवाज चढला. "तू गेलीस की घर ओस पडतं. अम्मी दोन घास कमी जेवते. मला भांडायला कुणी राहत नाही. तुला काय, तू फोनवर विचारतेस सगळं ठीक ना, आणि आम्ही म्हणतो ठीक."

हे मी आयुष्यात कधी तिला बोललो नव्हतो.

"भाई," ती म्हणाली, "पीएचडी करताना आकडा हवा होता पेपरसाठी. कंपनीत आकडा हवा होता मोठ्या साहेबांना दाखवायला. दोन्हीकडे आकडा चढला की टाळ्या पडायच्या. तो कशामुळे चढला हे बघायला थांबलं की लोक म्हणायचे, वेळ नाही. मी ते सोडून इथे आले. आता इथेही तेच करायचं असेल तर बंगळूर काय वाईट आहे? तिथे पगार तरी आहे."

मी रुमाल खिशात घातला.

शुक्रवारी माणसं अकराला यायची ती बाराला आली. दोघेच होते. कंपनीच्या संशोधन विभागाच्या प्रमुख एलिझाबेथ मॅडम, पन्नाशीच्या, कापलेले केस, पायात साधी चप्पल. आणि त्यांच्याबरोबर रविराज नावाचा तरुण साहेब. इथून पुढे त्याला शिर्डीला दर्शनाला जायचं होतं, म्हणून तो येता-येताच घड्याळ बघत होता. मी चहा मागवला. पलीकडे धाड धाड चालू होती.

आयेशानं चांगलं बेअरिंग लावलं. हिरवं. मग गंजलेलं, गोळ्या झिजलेलं बेअरिंग लावलं. हिरवंच.

"हे ठीक आहे?" रविराजनं विचारलं. कुणालाही डोळ्यांनी दिसत होतं की ते ठीक नाही.

"नाही," आयेशा म्हणाली. "चुकीचं दाखवतंय. का चुकतंय ते मला मंगळवारी कळलं. तुम्हाला फोन करून येऊ नका म्हणता आलं असतं, पण मला वाटलं तुम्ही ते बघावं. एकपर्यंत थांबाल का? एकला आपोआप दिसेल."

रविराजनं मॅडमकडे बघितलं. मॅडमनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, थांबू.

तो वेळ मी कसा काढला ते मला विचारू नका. शेवटी पलीकडचा प्रेस थांबला. आकिब हातपाय धुऊन, टोपी घालून माझ्या दारात आला आणि लॅपटॉपवरचं हिरवं झरकन लाल झालं. आयेशानं गंजलेलं काढून कोरं बसवलं. लालच. रविराज म्हणाला, "अरे!" मॅडम लॅपटॉपवर वाकल्या.

"परवेझभाई, चला, खुतबा सुरू व्हईल," आकिब म्हणाला. माझे पाय निघत नव्हते. आयेशानंच मला मानेनं खुणावलं, जा.

मशिदीत मी उभा राहिलो, वाकलो, सजदा केला. शेवटी दुआ मागताना काय मागितलं ते माझं मला ठाऊक आहे. त्यात प्रेसचा विषय नव्हता एवढं सांगतो. मी तिच्यासाठी मागितलं, आणि पहिल्यांदाच नगर किंवा बंगळूर असं काही मध्ये घातलं नाही.

परत आलो तर त्यांची गाडी अजून दारात. रविराज बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होता की शिर्डीला उशीर होईल. आत एलिझाबेथ मॅडम माझ्या स्टुलावर बसल्या होत्या, कानाला आयेशाचा हेडफोन, डोळे मिटलेले. आयेशा जुनी रेकॉर्डिंगं एकेक करून लावत होती.

मॅडमनी हेडफोन काढला. "आता एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकूच येत नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आम्ही गेल्या वर्षी बाहेरून एक यंत्रणा विकत घेतली. चाचणीत नव्याण्णव. तीन कारखान्यांत बसवली आणि तिन्हीकडे ती भलतंच सांगते. म्हणजे आमच्याकडेही असा एक प्रेस आहे. तो कुठे आहे, हे अजून कुणाला सापडलेलं नाही." त्यांनी आयेशाकडे बघितलं. "तुम्ही शोधाल?"

आयेशा म्हणाली, "शोधेन. पण इथूनच. नगरहून."

"तुमचं मॉडेल बघायचं माझं काम झालंच नाही, ते पुन्हा कधी येऊ बघायला?" मॅडम म्हणाल्या.

"सहा महिने द्या," आयेशा म्हणाली. "आणि अठ्ठ्याण्णवची अपेक्षा ठेवू नका."

लॅब म्हणजे फार मोठं काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजनं एक खोली दिली, तिच्या एका कोपऱ्यात पाणी गळतं. करार एक वर्षाचा, विद्यार्थी दोन. तास निम्मे म्हणाले होते, प्रत्यक्षात दोनच कमी झाले, आणि त्यासाठीही आयेशाला प्राचार्यांशी भांडावं लागलं. भांडण तिला माझ्याकडून आलंय, त्याचं श्रेय मी घेतो. बंगळूरला तिनं नाही कळवलं. त्या रविवारी अम्मीनं निळी बॅग खाली काढली, उरलेसुरले कपडे फडताळात लावले, बॅगेत थंडीच्या जाड रजाया कोंबल्या आणि ती परत कपाटावर चढवली. आता कुणाला ती हवी असेल तर आधी चार रजायांची सोय करावी लागेल.

मग सगळं पहिल्यापासून सुरू झालं. तपासणीचं टेबल मी स्टँडपासून तोडून वेगळं केलं आणि माझा हुकूम मागे घेतला. आता सडकी बेअरिंगं सोमवारी सकाळीही फिरायची आणि कोरी जुम्म्यालाही. स्टँड सहादेवच्या शेडमध्ये गेला, पलीकडच्या फाउंड्रीत गेला, चार-पाच दिवस कॉलेजच्या व्हरांड्यातही राहिला. आयेशानं झालेल्या चुकीवरच पेपर लिहिला आणि तो स्वीकारला गेला. त्याच्या शेवटी आभारांत सहादेव पठारे यांच्या पॉवर प्रेसचं नाव आहे. सहादेवनं ते पान लॅमिनेट करून मशीनवर लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "इंग्रजीत हाय, पन माझंच हाय."

मागच्या शुक्रवारी पुण्याची माणसं पुन्हा यायची होती, तीन वाजता. मी नमाजहून परतलो. आकिब नाक्यावर चहाला थांबला, म्हणून पलीकडे अजून सामसूम होती. इतक्या वर्षांत मी माझं वर्कशॉप या वेळी कधी ऐकलंच नव्हतं. पंखा ऐकू येत होता, बाहेरच्या झाडावरचे पक्षी ऐकू येत होते. स्टँडवर कोरं बेअरिंग फिरत होतं, आणि त्याचा बारीक, सलग आवाजही मला पहिल्यांदाच आला.

आयेशा डबा उघडून बसली होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"किती आले?" मी विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"चौदा कमी झाले की."

"हे आहेत ते माझे आहेत, भाई."

मी भिंतीकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. अक्षरं हिरवी होती.

"प्रेस बंद आहे ना?"

"बंद आहे," ती म्हणाली आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातात दिली. "तरी ठीक आहे."